सिस्टरकडे पहिल्यांदा येताय?

ताई, हा कागद हातात घेतलात म्हणजे काहीतरी बरेच दिवस अंगावर काढताय, असं मी धरून चालते. सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळायच्या, मजुरी विड्यांच्या आकड्यावर, आणि दवाखान्यात अर्धा दिवस गेला की तेवढे पैसे बुडाले. हे सोलापुरात राहून मला ठाऊक आहे. म्हणून पहिल्या भेटीला मी अर्धा तास राखून ठेवते आणि आधी तुमचं सगळं ऐकून घेते.

मी नर्स आहे, डॉक्टर नाही. विचारपूस, तपासणी, नमुने घेणं, समजावून सांगणं आणि नंतर फोन करून ‘बरं वाटतंय का’ विचारणं ही माझी कामं. औषधाची चिठ्ठी आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम लिहितात. अमेरिकेत अनेक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतः औषध लिहून देतात, पण आपल्याकडे तो अधिकार डॉक्टरांचा आहे.

सासूबाई किंवा नवरा सोबत असले तरी थोडा वेळ मी तुमच्याशी एकटीशी बोलते. मराठीत अडखळायला होत असेल तर तेलुगूत, कन्नडमध्ये बोला, आमच्यातली कुणी ना कुणी समजून घेईल. लग्न न झालेल्या मुलींची आतून तपासणी आम्ही करत नाही. इतर कुणाचीही तुम्ही ‘हो’ म्हटल्याशिवाय करत नाही आणि मध्येच ‘थांबा’ म्हणालात तर तिथेच थांबतो.

अंगावरून पांढरं जातं

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. ‘पांढरं जातं म्हणजे हाडं झिजतात’ ही भीती पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. हाडं झिजत नाहीत. दोन पाळ्यांच्या मधे अंड्यातल्या पांढऱ्यासारखं तार येणारं पाणी जाणं हे शरीराचं रोजचं काम आहे, गरोदरपणात ते वाढतंही. कंबर दुखते, थकवा येतो, त्याचं कारण पुष्कळदा रक्त कमी असणं आणि तासन्‌तास एकाच जागी बसणं हे निघतं. म्हणून हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय मी कुणाला घरी पाठवत नाही. ते १२ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या लागतात. गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या.

मात्र रंग किंवा वास बदलला, किंवा खाज सुटली तर ते वेगळं. दह्यासारखं घट्ट आणि भयंकर खाज असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, आणि तो परत परत होत असेल तर मी साखर तपासायला सांगते. करडं पाणी आणि मासळीसारखा वास असेल तर आतल्या जंतूंचा तोल बिघडलेला असू शकतो. पिवळसर-हिरवं, फेसाळ असेल तर नवऱ्यालाही औषध घ्यावं लागू शकतं. ते लाजून टाळलं तर तुमचं दुखणं पुन्हा उलटतं.

एक कळकळीची विनंती. आतून साबण, डेटॉल, तुरटीचं पाणी काही वापरू नका. योनीत आम्ल तयार करणारे चांगले जंतू असतात, ते तुमची राखण करतात. धुण्याच्या नादात तेच मरतात. बाहेरून साधं पाणी पुरतं.

लघवीला जळजळ होत असेल तर आधी पाणी वाढवा. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड, उन्हाळा चाळिशीच्या वरचा, आणि कामावर संडास नीट नाही म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. लघवी तुंबवून ठेवली की जंतूंना आयती संधी मिळते. ताप आला किंवा पाठीत कळ आली तर मात्र त्याच दिवशी या.

‘पिशवी काढून टाका’ असं कुणी सांगितलं असेल तर

पाळी सात दिवसांच्या पुढे जाते, गाठी पडतात, म्हणून पस्तिशी-चाळिशीतच पिशवी काढून आलेल्या बाया मला भेटतात, तेव्हा मन कळवळतं. कधीकधी ऑपरेशन खरंच गरजेचं असतं. पण त्याआधी रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी झाली का? गोळ्यांनी किंवा हार्मोनच्या कॉपर-टीसारख्या साधनानं जमेल का, हे कुणी सांगितलं का? पिशवीसोबत बीजांडकोशही काढले तर पाळी एकदम बंद झाल्याचे सगळे त्रास लवकर सुरू होतात आणि हाडं खरोखर ठिसूळ होतात. कागद घेऊन या, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ.

पिशवीच्या तोंडाची तपासणी

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीला मी ही सुचवते, त्रास नसला तरी. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होण्याआधी तिथल्या पेशींत बरीच वर्षं बदल होत राहतात. तेवढ्या काळात ते सापडले तर साध्या उपचारानं काम भागतं.

याचा पुरावा आपल्या शेजारचाच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलनं मुंबईच्या टाटा मेमोरियलसोबत १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत ३० ते ५९ वर्षांच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास केला. हा कॅन्सर ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आपल्या पंचक्रोशीतल्या शेतकरी बायकांनी दिलेलं हे ज्ञान २००९ साली जगासमोर आलं.

त्या अभ्यासात एचपीव्ही चाचणी उजवी ठरली, म्हणून परवडत असेल तर तीच करा. नसेल तर व्हीआयए आहे. पिशवीच्या तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड (व्हिनेगरमध्ये असतं तेच) लावून मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का बघायचं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केली, तिथेही मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. पुढची तपासणी हवी एवढाच त्याचा अर्थ, आणि त्या तपासणीला मी स्वतः सोबत येते.

घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल तर एचपीव्हीच्या लशीबद्दलही विचारा.

इथे थांबू नका, थेट दवाखाना गाठा

तासाला एक पॅड भिजत असेल, किंवा पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला कळ येऊन चक्कर आली, तर आमची वाट न बघता सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत जा, रात्रीसुद्धा. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर लाल डाग जरी दिसला तरी आठवड्याच्या आत दाखवा.

येताना शेवटच्या पाळीची तारीख, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं आणा. पाळी चालू असेल तर पिशवीच्या तोंडाची तपासणी पुढे ढकलू, पण रक्त नेहमीपेक्षा जास्त जात असेल तर तशाच या, संकोच करू नका.