परसातली कोंबडी एवढी का ओरडते?

परसात चार-पाच कोंबड्या पाळल्या की शेजाऱ्यांची पहिली तक्रार बहुधा आवाजाची असते. पूर्वी घरोघरी खुराडं असायचं, तेव्हा कुणाची कोंबडी किती ओरडली याचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. आता चिपळूण, वाई, सावंतवाडीसारख्या गावांतही मागच्या अंगणाला लागून दुमजली-तिमजली इमारत उभी असते आणि तिथे रात्रपाळी करून आलेलं कुणीतरी सकाळी नऊला डोळे मिटायच्या बेतात असतं. त्याचा त्रास खरा आहे. पण कोंबडीही उगाच ओरडत नाही, आणि ती का ओरडतेय हे कळलं तर बराचसा कलकलाट कमी करता येतो.

पक्ष्यांचा कंठ आपल्यासारखा घशात वर नसतो. श्वासनलिका जिथे दोन्ही फुप्फुसांकडे फाटते, त्या फाट्यावर खोल आत ‘शब्दिनी’ नावाचा अवयव असतो. कोंबडीचं सगळं बोलणं तिथून होतं. निकोलस कोलियास या अमेरिकन प्राणीशास्त्रज्ञानं 1950च्या दशकापासून कोंबड्यांचे आवाज यंत्रावर उतरवून त्यांची छाननी केली. आपल्या पाळीव कोंबडीचा पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. त्याच्या बोलीत कोलियास यांनी सुमारे दोन डझन वेगवेगळे आवाज नोंदवले. अन्न सापडलं, घार आली, पिल्लू दूर गेलं, बसायची जागा मिळाली नाही, प्रत्येकाला आवाज निराळा. म्हणून ‘कोंबड्या फार ओरडतात’ एवढ्यावर थांबू नका. कोणता आवाज, किती वाजता आणि कोणत्या कोंबडीचा, हे दोन-चार दिवस कागदावर लिहून काढा. अर्धं उत्तर त्या कागदातच मिळतं.

सगळ्यात ओळखीचा आवाज अंडं घातल्यानंतरचा. ‘कॉक् कॉक् कॉक् कॉक्... कोकॉऽक्!’ असं कधी पाच मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ चालतं. हे ती का करते यावर संशोधकांचं अजून एकमत नाही, पण एक उलगडा मला पटतो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या एका बेटावर माणसाळलेल्या कोंबड्या पुन्हा रानटी होऊन राहत होत्या. मॅकब्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास 1969 साली प्रसिद्ध केला. कोंबडी कळपापासून दूर, झुडपाखाली एकटीच अंडं घालते. तोवर कळप चरत पुढे गेलेला असतो. तिची हाक ऐकून कोंबडा येतो आणि तिला कळपात परत घेऊन जातो. आपल्या परसात कळप चार पावलांवरच असतो, कोंबडा बहुधा नसतोच, पण ती हाक हजारो वर्षांच्या सवयीनं आलेली आहे.

इथे एक साधा हिशेब बसतो. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. गावरान कोंबडी पन्नास-साठच्या आसपास, आणि अंड्यांसाठीच निपजवलेली व्हाइट लेगहॉर्न तीनशेच्या घरात. जितकी अंडी, तितक्या हाका. आपण निवडीनं अंडी वाढवली तेव्हा त्यांच्यासोबतचा ओरडाही आपणच वाढवून घेतला. शेजार दाटीचा असेल तर विक्रमी अंडी देणाऱ्या जातीचा हट्ट सोडून गावरान किंवा कडकनाथ पाळणं शहाणपणाचं.

अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात आणि त्यातले जवळजवळ 20 तास एकट्या कवचाला. त्यामुळे कोंबडी रोज एकाच वेळी अंडं घालत नाही. आज आठला घातलं तर उद्या नऊच्या पुढे, परवा आणखी उशिरा, आणि असं करता करता एक दिवस खाडा. शेजारी जेव्हा म्हणतो की ‘हिचा काही नेम नाही, कधी आठला, कधी अकराला’, तेव्हा तो अगदी बरोबर निरीक्षण करत असतो.

पण अंड्यानंतरची हाक हा मोठा त्रास नव्हे. ती थोड्या वेळात संपते. खरा डोकं उठवणारा आवाज अंड्याच्या आधीचा असतो आणि तो मात्र आपल्याला थांबवता येतो.

अंडं घालायच्या तास-दीड तास आधी कोंबडी बेचैन होते. कोपरे धुंडाळते, खोक्यात डोकावते, आत जाते, बाहेर येते. तेवढ्यात तिला हवी ती जागा मिळाली नाही तर ती एक वेगळाच सूर लावते. पहिला स्वर लांब ओढलेला, रडका, ‘कोऽऽऽक्’, आणि त्याच्या मागे तुटक ‘कक्-कक्-कक्’. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी या आवाजाचा कसून अभ्यास केला. कोंबडीला अन्न, पाणी, अंगावर धूळ घेण्याची जागा किंवा अंडं घालायला आडोसा दिसतोय पण मिळत नाही, अशी अडवणूक झाली की हा आवाज वाढतो. म्हणजे हा कोंडमाऱ्याचा आवाज आहे. खुराड्यात तीन खोकी ठेवलेली असतात, तरी सगळ्या कोंबड्यांना नेमकं एकच पसंत पडतं. एक आत बसलेली, दोघी दारात उभ्या, त्यातली एक मान खाली घालून ‘कोऽऽऽक्’ करतेय, हे दृश्य कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकानं पाहिलेलं असतं. ज्या खोक्यासाठी झुंबड उडते, त्यात काय आहे ते वाकून बघा. बहुधा तेच सगळ्यात अंधारं, आडोशाचं आणि जास्त तुसाचं असतं. मग बाकीची खोकी तशीच करा: पुढे गोणपाटाचा पडदा सोडा, तळाला जाडसर पेंढा किंवा भाताचं तूस घाला, खोकी एकाच रांगेत, एकाच उंचीवर आणा आणि नकोशा खोक्यात एखादं खोटं अंडं ठेवून द्या. चार-पाच कोंबड्यांना निदान दोन चांगली खोकी हवीत.

याच गर्दीचं आणखी एक कारण असतं, ते म्हणजे खुडूक कोंबडी. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक चढलं की ती अंड्यांवर बसून राहते. हात नेला तर पिसं फुलवून अंगावर येते आणि खोकं अडवल्यामुळे इतर कोंबड्या बाहेर ओरडत राहतात. तिच्याखाली फळणारी अंडी ठेवून 21 दिवस बसू द्यावं, नाहीतर खालून हवा खेळेल अशा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात दाणापाणी देऊन काही दिवस ठेवावं. पोटाखालची ऊब गेली की खुडूकपणा उतरतो. काही ठिकाणी अशा कोंबडीला पाण्यात बुडवून काढतात. तेवढा छळ करायची काही गरज नाही.

आता धोक्याचा आवाज. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातले ख्रिस इव्हान्स आणि त्यांचे सहकारी यांनी प्रयोगांतून दाखवलं, की घारीसाठीची आणि जमिनीवरच्या शिकाऱ्यासाठीची हाक वेगळी असते, इतकंच नाही तर ऐकणाऱ्यांना तो फरक कळतो. नुसती ध्वनिमुद्रित हाक ऐकवली, समोर शिकारी नाही, तरी घारीची हाक ऐकून कोंबड्या दबून बसल्या आणि वर बघू लागल्या. दुसरी ऐकून ताठ उभ्या राहून आजूबाजूला पाहू लागल्या. घारीची हाक बारीक, ओढलेली आणि कुठून आली ते पटकन न कळणारी असते. मांजर-कुत्र्याची हाक मात्र खणखणीत, ठोक्याठोक्याची असते, कारण लपून येणाऱ्याला ‘तू दिसलास’ हे कळलं तरी कोंबडीचं त्यात काही जात नाही.

गोम अशी की ही दुसरी हाक अंड्यानंतरच्या हाकेसारखीच ऐकू येते. कान फसतो, तेव्हा डोळे वापरा. एकटीच ओरडतेय आणि बाकीच्या निवांत चरतायत, तर अंडं. सगळ्यांच्या माना वर आणि तोंडं एकाच दिशेला, तर तिकडे काहीतरी आहे. रोज ठरावीक वेळी कुंपणावर येऊन बसणारा बोका हा या कलकलाटाचा नेहमीचा धनी. त्या बाजूची जाळी कोंबडीच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत झापानं किंवा फळीनं झाकली तर बोका दिसत नाही आणि निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

सकाळचा एक आवाज मात्र आपणच शिकवलेला असतो. कोंबड्या ओरडल्या, आपण गप्प बसाव्यात म्हणून मूठभर दाणे टाकले. दोन-तीनदा असं झालं की ओरडलं म्हणजे दाणे मिळतात हे त्यांना पक्कं कळतं. दाणे ठरल्या वेळी टाका, ओरडत असताना टाकू नका. एका भांड्यात ओतण्यापेक्षा पेंढ्यात, पाचोळ्यात विखरून टाका. ब्रिटिश शास्त्रज्ञ मॅरियन डॉकिन्स यांनी प्राणिसंग्रहालयातल्या रानकोंबड्यांची दिनचर्या 1989 साली मांडली. त्यांना आयतं अन्न मिळत होतं, तरी जाग्या असताना पाहिलेल्या मिनिटांपैकी सुमारे 60 टक्के मिनिटांत त्या जमीन टोचताना दिसल्या. पायांना उकरायला आणि चोचीला टोचायला काम नसेल तर कोंबडी जाळीपाशी येऊन ओरडते. पाचोळ्याचा ढीग आणि अंगावर घ्यायला कोरडी माती, दोन्ही फुकट मिळतं.

कळपात नवी तलंग, म्हणजे वयात येणारी कोंबडी, आणून सोडली की काही दिवस आरडाओरडा होणारच. कोंबड्यांत वरच्या-खालच्या मानाची उतरंड असते. नॉर्वेच्या थोर्लेफ शेल्डेरूप-एब्बे यांनी ती 1920च्या दशकाच्या सुरुवातीला जगासमोर आणली. नवीला आधी जाळीपलीकडे आठवडाभर दिसेल अशी ठेवा आणि मग सोडा. एकटीच कोंबडी मात्र पाळू नये. ती सोबतीसाठी हाका मारत राहते.

रात्रीचा आवाज सगळ्यात गंभीर समजावा. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, त्यामुळे ती आपणहून गप्प असते. ती रात्री कुरकुरत असेल, दांडीवर पाय बदलत असेल, तर बॅटरी घेऊन बघाच. साप किंवा उदमांजर दिसलं नाही, तर पांढरा कागद घेऊन बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूनं घासा. कागदावर रक्ताचे लाल ओघळ उमटले तर दांडीच्या फटीत रक्त पिणारे, गोचिडीसारखे बारीक लाल जीव आहेत. ते दिवसा लपतात आणि रात्री कोंबडीवर चढतात, म्हणून दिवसा कोंबडी तपासून काही सापडत नाही. फटी खरवडून धुवा आणि औषध कोणतं ते पशुवैद्यकाला विचारा.

एवढं सगळं करूनही थोडा आवाज उरतोच, आणि मग प्रश्न भौतिकशास्त्राचा होतो. कोंबडीची जोरातली हाक जवळून साधारण 60-70 डेसिबल भरते. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलनं उतरतो. एका मीटरवर 65 असेल तर आठ मीटरवर 47. आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी सरासरी मर्यादा सकाळी सहा ते रात्री दहा 55 डेसिबल आणि रात्री 45 आहे. म्हणजे खुराडं सामाईक भिंतीला चिकटवण्याऐवजी स्वतःच्या घराजवळ सरकवणं, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा उपाय. झाडांची ओळ मनाला बरी वाटते, आवाज फारसा अडवत नाही. अडवते ती जड, सलग भिंत, तीही खुराड्याच्या अगदी जवळ असली तर. वरच्या मजल्यावरच्या खिडकीला तिचा उपयोग नाही. खुराड्याचं दार सातच्या आधी उघडू नका आणि आत पहाटेचा उजेड शिरणार नाही असं बघा. पण हवेची भोकं बुजवू नका. कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः चोच उघडून धापा टाकून अंग थंड करते.

कोंबड्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. बेल्जियमच्या संशोधकांनी आरवणाऱ्या कोंबड्यांचा आवाज मोजला, तेव्हा तो एका मीटरवर 100 डेसिबलच्या वर गेला आणि एका कोंबड्याच्या स्वतःच्या कानापाशी 140च्या घरात. चोच पूर्ण उघडली की त्याची कर्णनलिका आपोआप मिटते, म्हणून तो स्वतः बहिरा होत नाही. शंभराचा आवाज आठ मीटरवरही 82 राहतो. तिथे पेंढा आणि पडदे काय करणार? झाकून ठेवण्यानंही भागत नाही. जपानच्या नागोया विद्यापीठात शिमुरा आणि योशिमुरा यांनी 2013 साली दाखवलं, की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही आपल्या शरीरातल्या घड्याळानुसार रोज आरवतात, आणि नेहमीच्या उजेड-अंधारात तर उजाडायच्या सुमारे दोन तास आधीच सुरुवात करतात. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, तसं आरवायचंही राहत नाही. गळ्याला आवळून बांधायचे पट्टे विकत मिळतात. आपल्या उन्हाळ्यात, धापेवर जगणाऱ्या पक्ष्याचा गळा आवळणं ही क्रूरता आहे. ते वापरू नका.

कोंबडा नसलेल्या कळपात कधी एखादी कोंबडीच आरवू लागते. पुष्कळ घरांत तो अपशकुन मानून तिला कापतात. तिचं फक्त संप्रेरकांचं गणित बिघडलेलं असतं. कोंबडीत डावंच बीजकोश काम करतं. ते निकामी झालं तर उजव्या बाजूचा अर्धवट राहिलेला अवयव वाढून नराचं संप्रेरक स्रवू लागतो.

अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, तो फक्त पिल्लांसाठी लागतो. आणि पिल्लांसाठीही तो वर्षभर दारात नको. कोंबडीच्या अंडनलिकेत बारीक नळ्या असतात, त्यांत नराचे शुक्रजंतू दोन आठवडे किंवा त्याहूनही जास्त काळ जिवंत राहतात. खुडूक कोंबडी बसवायची असेल तेव्हा गावाकडून ओळखीचा निरोगी कोंबडा आठवडाभरासाठी आणावा, शेजाऱ्यांना आधी सांगावं, आणि आठवडा झाला की परत पोचवावा. तो गेल्यावरही पुढचे दहा-बारा दिवस मिळणारी बरीचशी अंडी फळणारी असतात.