सामूहिक सायकलफेरी

सामूहिक सायकलफेरी : अनेक सायकलस्वारांनी ठरल्या वेळी एका जागी जमून शहरातील रस्त्यांवरून घोळक्याने सायकली चालवण्याचा उपक्रम. सायकल रॅली, ग्रुप राइड अशीही नावे रूढ आहेत. शर्यतीशी तिचे नाते नाही. वेग ताशी दहा ते पंधरा किलोमीटर, म्हणजे एकटा निघालेला सायकलस्वार सहज पुढे निघून जाईल इतका. पहिला येण्याचा प्रश्नच नसतो आणि पोहोचायचे ठिकाणही पुष्कळदा ठरलेले नसते.

फेऱ्या दोन जातींच्या. एकीत आयोजक असतो, नावनोंदणी होते, रस्ते मोटारींना बंद केले जातात. न्यूयॉर्कची ‘फाइव्ह बरो बाइक टूर’ १९७७ साली सुमारे २५० सायकलस्वारांवर सुरू झाली. आता तीत ३०,००० हून अधिक लोक शहराच्या पाचही विभागांतून ४० मैलांची फेरी मारतात. तिथे पैसे भरायचे, क्रमांक लावायचा आणि पॅडल मारत राहायचे. वेगळे सांगण्यासारखे फार नाही. दुसऱ्या जातीत आयोजक नसतो, रस्ता मोकळा करून दिलेला नसतो, आणि चालू वाहतुकीतूनच घोळका वाट काढतो. हा प्रकार ‘क्रिटिकल मास’ या नावाने ओळखला जातो. सहभागी होणाऱ्याने समजून घेण्यासारखे जे काही आहे ते मुख्यतः इथे आहे.

२५ सप्टेंबर १९९२ रोजी, शुक्रवारी, कचेऱ्या सुटण्याच्या वेळी सॅन फ्रान्सिस्कोत काही डझन सायकलस्वार एकत्र निघाले. या फेरीचे पहिले नाव ‘कम्यूट क्लॉट’, म्हणजे घरी परतणाऱ्या वाहतुकीत झालेली गुठळी. ते टिकले नाही, हे बरेच झाले. टेड व्हाइट यांच्या ‘रिटर्न ऑफ द स्कॉर्चर’ या सायकलींवरील माहितीपटात सायकल-रचनाकार जॉर्ज ब्लिस यांनी चीनमधल्या चौकांचे वर्णन केले होते. सिग्नल नसलेल्या चौकात आडव्या वाहतुकीपुढे सायकलवाले थांबत, मागून आणखी येऊन मिळत, आणि पुरेसे जमले की सगळे मिळून रेटून पलीकडे जात. अणुभंजनाची साखळी आपोआप चालू राहायला जेवढे द्रव्य लागते त्याला पदार्थविज्ञानात क्रांतिक वस्तुमान, इंग्रजीत ‘क्रिटिकल मास’, म्हणतात. ब्लिस यांनी तोच शब्द चौकातल्या गर्दीला लावला, आणि फेरीला तेच नाव चिकटले. महिन्याचा शेवटचा शुक्रवार हा मुहूर्त पडला तो पडलाच, आणि अनेक देशांतल्या शहरांनी तो उचलला.

अशा फेरीचे सगळे गणित फटींचे आहे. ताशी १२ किलोमीटर म्हणजे मिनिटाला २०० मीटर. हजार सायकली चौघा-चौघांच्या ओळींत चालल्या आणि एका ओळीमागे सायकलची लांबी धरून साडेतीन मीटर रस्ता लागला, तर घोळका पाऊण किलोमीटरहून थोडा लांब, ८७५ मीटरांचा होतो आणि एका चौकातून सव्वाचार-साडेचार मिनिटांत निघून जातो. तेच हजार लोक दोघा-दोघांनी गेले तर पावणेनऊ मिनिटे, आणि शिस्तीत एकामागून एक गेले तर साडेसतरा. ‘एका रांगेत का जात नाहीत हे लोक’, असे चिडून म्हणणाऱ्या मोटारचालकाला ही बेरीज सहसा कुणी करून दाखवत नाही. उलट, घोळक्यात वीस मीटरची फट पडली की चौकात सहा सेकंद मोकळे मिळतात, आणि थांबून कंटाळलेल्या गाडीला आत घुसायला तेवढे पुरतात. गाडी मध्ये शिरली की घोळक्याची दोन शकले होतात. मागच्यांना आता पुढच्यांचे संरक्षण राहत नाही.

ही फट बुजवण्याच्या कामाला ‘कॉर्किंग’, म्हणजे बूच लावणे म्हणतात. घोळका चौकात शिरताना तीन-चार जण बाजूच्या रस्त्यांच्या तोंडाशी जातात, पहिल्या गाडीच्या बॉनेटपुढे सायकल आडवी धरून एक पाय जमिनीवर टेकतात आणि शेवटचा स्वार गेला की जोर मारून पुन्हा घोळका गाठतात. हे काम अंगापेक्षा तोंडाने जास्त करावे लागते. काच खाली करून माणूस ‘किती वेळ?’ एवढेच विचारत असतो, आणि ‘चार मिनिटे’ असे हसून सांगितले की बहुतेक वेळा तो इंजिन बंद करून बसतो. वाद घालणारा बूच एकटा साऱ्या फेरीचे नाव खराब करतो. पायी रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी मात्र मुद्दाम फट करून द्यावी लागते, आणि रुग्णवाहिकेचा आवाज आला की घोळका दोन्ही कडांना सरकून मधून वाट देतो. ‘बाजूला, बाजूला’ ही हाक मागून पुढे पोहोचायला किती वेळ लागतो यावरून फेरी मुरलेली आहे की नवखी, हे कळते.

नवा माणूस संकोचाने सर्वांत मागे राहतो. ती जागा सर्वांत वाईट. पुढचे वळणावर थोडे हळू झाले की मधले आणखी हळू होतात, आणि मागच्यांना चक्क थांबावे लागते. मग पुढचे सुटले की मागच्यांना धापा टाकत गाठावे लागते. बाजाच्या भात्यासारखा हा दाब-ताण शेपटाकडे वाढत जातो. घोळक्याच्या पुढच्या एक-तृतीयांश भागात शिरले तर चाल बरीच एकसारखी राहते. पडणे हे वेगामुळे होत नाही, बहुधा चाकाला चाक लागून होते: आपले पुढचे चाक समोरच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला सरकलेले असते, तो खड्डा चुकवायला जरा वळतो, चाके घासतात, आणि आपटतो तो मागचा. समोरच्याला पत्ताही लागत नाही. म्हणून आपली रेघ सोडायची नाही, ब्रेक एकदम दाबायचा नाही, आणि खड्डा दिसला की बोटाने दाखवून ओरडायचे. इतक्या संथ गतीत तोल सांभाळणे जड जाते. थांबण्याआधीच हलका गिअर टाकलेला असला तर निघताना हँडल डगमगत नाही. ट्रामचे रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडावेत. चाक पंक्चर झाले तर जागच्या जागी न थांबता हात वर करून कडेला यायचे.

मार्ग कोण ठरवतो? सुरुवातीच्या काळात ज्याला वाटेल तो नकाशा काढून त्याच्या झेरॉक्स प्रती वाटायचा आणि जमलेल्यांना आवडेल तो मार्ग धरला जायचा. या पद्धतीला ‘झेरॉक्रसी’ असे नाव पडले; मराठीत झेरॉक्सशाही म्हणायला हरकत नाही. अनेक ठिकाणी नकाशाही नसतो, सर्वांत पुढे जो असेल तो वळतो आणि बाकीचे त्याच्या मागे.

नेता नाही, मार्ग नाही, त्यामुळे परवानगी कुणी मागायची हा पेच पोलिसांपुढे वारंवार आला. न्यूयॉर्कमध्ये २७ ऑगस्ट २००४ रोजी, रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाच्या तोंडावर निघालेल्या फेरीत सुमारे ५,००० सायकलस्वार होते आणि २५० हून अधिक जणांना अटक झाली. लंडनची फेरी १९९४ पासून वॉटर्लू पुलाच्या दक्षिण टोकाखाली जमते. तिथल्या १९८६ च्या कायद्यानुसार मिरवणुकीची पूर्वसूचना द्यावी लागते, पण रूढीने नेहमी निघणाऱ्या मिरवणुकीला सूट आहे. मार्ग दर वेळी बदलत असला तरी ही फेरी रूढ मिरवणूकच आहे, असा निर्णय तेव्हा तिथले सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने नोव्हेंबर २००८ मध्ये दिला. घोळका दाट असला म्हणजे अभेद्य झाला असे मात्र नाही. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्री येथे २५ फेब्रुवारी २०११ रोजी एका चालकाने मागून मोटार थेट घोळक्यात घातली आणि अनेक जण जखमी झाले.

संख्येच्या बाबतीत बुडापेस्टचे नाव पुढे येते. तिथे फेरी महिन्याला न काढता वर्षातून दोनदा काढत, सप्टेंबरमध्ये मोटारमुक्त दिनाच्या आणि एप्रिलमध्ये वसुंधरा दिनाच्या सुमारास. एप्रिल २००८ च्या फेरीत सुमारे ८०,००० लोक होते असा अंदाज दिला जातो. शेवटी सगळे थांबून आपापली सायकल दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरत.

चौकात घोळका तुटण्याचा घोटाळा जर्मनीने वाहतुकीच्या नियमांतच सोडवून टाकला आहे. १५ हून अधिक सायकलस्वार एकत्र असले तर त्यांना ‘फेरबांट’, म्हणजे ताफा, बनवता येतो. मग त्यांना दोघा-दोघांनी शेजारून चालता येते, आणि हा ताफा एकच लांबलचक वाहन समजला जातो. पहिली जोडी हिरव्या दिव्यावर चौकात शिरली की दिवा लाल झाला तरी उरलेल्यांनी तिच्यामागून जायचे. फक्त ताफा सलग दिसला पाहिजे. फेरीच्या शेवटी मात्र कुणी काही जाहीर करत नाही. कुणी या गल्लीला, कुणी त्या पुलाला हात करून वळत जातात, आणि उरलेले पंधरावर आले की पुढच्या लाल दिव्याला प्रत्येकाला आपापला पाय टेकावा लागतो.