किमान वेतन आणि ईआयटीसी: अमेरिकेतील दोन उपाय, दोन हिशेब

कमी पगारावर राबणाऱ्यांच्या हाती चार पैसे अधिक पडावेत म्हणून अमेरिकेत दोन उपाय वर्षानुवर्षे चालू आहेत: किमान वेतन आणि अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट, म्हणजेच ईआयटीसी, ही कमी कमाईच्या कामकरी कुटुंबांना प्राप्तिकरातून मिळणारी सवलत (क्रेडिट). दोन्हींची नावे एका दमात घेतली जातात आणि एक असताना दुसरे कशाला, असा प्रश्नही विचारला जातो. मात्र पहिला उपाय तासाचा दर ठरवतो आणि त्याचा भार आधी मालकावर पडतो. दुसरा कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न पाहतो आणि त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो.

संघराज्याचे किमान वेतन जुलै २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवरच अडलेले आहे, मात्र अनेक राज्यांनी आपापले दर त्याहून वर नेले आहेत. हा दर कामगाराच्या घरची परिस्थिती विचारत नाही. सुखवस्तू घरातला, हातखर्चासाठी काम करणारा मुलगा आणि दोन मुलांना एकटीने वाढवणारी आई यांना तो सारखाच लागू होतो. १९७५ साली सुरू झालेली ईआयटीसी मात्र मुलांची संख्या आणि कमाई पाहूनच ठरते. आपल्याकडील प्राप्तिकरात कमी उत्पन्नाला मिळणारी सूट (१९६१ च्या कायद्यातील कलम ८७अ) कर शून्यावर आणून थांबते, तर ईआयटीसी करापेक्षा जास्त असल्यास उरलेली रक्कम रोख परत मिळते. हे पैसे बहुतेकांना वर्षातून एकदाच, विवरणपत्र भरल्यावर हाती येतात, त्यामुळे ऑक्टोबरचे घरभाडे त्यातून भागत नाही.

२०२३ च्या दरांनी हिशेब मांडू. दोन मुलांची एकटी आई ७.२५ डॉलरने वर्षभर पूर्णवेळ, म्हणजे २,०८० तास, काम करते. तिची कमाई १५,०८० डॉलर होते. या टप्प्यावर प्रत्येक डॉलरमागे ४० सेंट क्रेडिट मिळते, म्हणजे ६,०३२ डॉलर. पगारातील कपाती आणि इतर मदत बाजूला ठेवली तर बेरीज २१,११२ होते, आणि तिघांच्या कुटुंबासाठी त्या वर्षीची सरकारी दारिद्र्य-मर्यादा २४,८६० होती.

अर्थशास्त्रज्ञांचा खरा वाद लाभ शेवटी कोणाच्या पदरात पडतो, यावर आहे. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी न्यू जर्सीत १९९२ मध्ये दर ४.२५ वरून ५.०५ डॉलर झाल्यावर तेथील आणि शेजारच्या पूर्व पेनसिल्व्हेनियातील फास्टफूड दुकानांची तुलना केली. नोकऱ्या घटल्याचे त्यांना आढळले नाही. या निष्कर्षावर पुढे जोरदार आक्षेप घेतले गेले, तरी दर वाढला की नोकऱ्या जाणारच, हे गृहीत धरणे त्यानंतर कठीण झाले. ईआयटीसीबाबत शंका निराळी आहे: क्रेडिटमुळे अधिक माणसे कामाला आली की मालक पगार कमी ठेवू शकतो. जेसी रोथस्टाइन यांच्या २०१० च्या अंदाजानुसार अल्पकुशल एकट्या मातांकडे क्रेडिटच्या डॉलरमागे ७० सेंटच उरतात. उरलेले ३० सेंट मालकाच्या खिशात जातात. डेव्हिड ली आणि इमॅन्युएल साएझ यांनी २०१२ मध्ये दोन्ही उपाय परस्परपूरक असल्याचे मांडले ते याच धाग्याने: पगाराला कायद्याने तळ घातला की ही गळती रोखता येते. मला हा युक्तिवाद पटतो, अर्थात तो तळ किती उंच असावा, हे त्यातून आपोआप ठरत नाही.

आकडेवारी वाचताना आणखी एक सावधगिरी लागते. अमेरिकेची अधिकृत दारिद्र्य-मोजणी करपूर्व रोख उत्पन्नावर चालते, त्यामुळे वेतनवाढ तिच्यात दिसते, ईआयटीसीचा एक डॉलरही दिसत नाही. २०११ पासून प्रसिद्ध होणाऱ्या पूरक मोजणीत मात्र ती धरली जाते.

आता त्याच आईचा दर १५ डॉलर झाला असे समजू. कमाई ३१,२०० होईल. क्रेडिट आधी आपल्या कमाल रकमेपर्यंत चढते आणि एकट्या पालकाच्या बाबतीत २१,५६० च्या पुढे त्या कमाल रकमेतून डॉलरमागे सुमारे २१ सेंटने उतरते, म्हणून ते सुमारे ४,५७४ वर येईल. तिची कमाई १६,१२० डॉलरने वाढली, क्रेडिट साधारण १,४५८ ने घटले, आणि तेवढी रक्कम सरकारी तिजोरीत शिल्लक राहिली.