पंचवीस टक्के (मुंबई)

गोवंडी-मानखुर्दकडे किंवा धारावीत एखाद्या आईला विचारलं, मुलाला कुठे घातलंय, तर शाळेच्या नावाच्या आधी "पंचवीस टक्क्यात लागलाय" असं ऐकायला मिळतं. हे पंचवीस टक्के म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ मधलं कलम १२(१)(सी). खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या, आणि शाळेत नर्सरी-केजी असेल तर तिथल्या, २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकातल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांच्या फीचे पैसे शाळेला सरकारने द्यायचे. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पण मुंबईत हा शब्द नुसत्या कलमापुरता राहिलेला नाही, ते कलम प्रत्यक्षात उतरवायला जी धावपळ, फॉर्म भरणं, मोर्चे, कोर्टकचेऱ्या चालतात ते सगळंच त्यात येतं.

यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांच्या कामाचा मोठा भाग तसा कंटाळवाणा आहे. वस्तीत एखाद्या समाजमंदिरात टेबल टाकायचं, वर एक लॅपटॉप, आणि समोर प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन बसलेल्या बायका. फॉर्म ऑनलाइन, अगदी फुकट, तरी सायबरवाला पैसे घेतो म्हणून हे टेबल. सगळ्यात जास्त भांडणं होतात ती बलूनवरून. नकाशावर आपल्या घरावर एक बलून ठेवायचा असतो, त्यावरून शाळेचं अंतर मोजतात, एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी प्राधान्य. आता शिवाजीनगरच्या गल्लीतलं घर, वर पत्रा, खाली पत्रा, नकाशावर सगळं एकसारखं करडं, आई म्हणते मशिदीच्या मागे, नळाच्या बाजूला, आणि बलून दोन गल्ल्या इकडेतिकडे पडला की पडताळणीच्या वेळी अर्ज अडकू शकतो. मी स्वतः एकदा एकाचा बलून चुकून नाल्यात ठेवला होता, नशीब सबमिट करायच्या आधी त्याच्या मोठ्या बहिणीने बघितलं.

मग पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहणाऱ्याला रजिस्टर केलेला भाडेकरार लागतो, आणि झोपडपट्टीतला मालक साधी पावती द्यायला तयार नसतो, रजिस्टर कुठून करून देणार. वंचित घटकाला, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग मुलं वगैरे, उत्पन्नाची अट नाही. दुर्बल घटकाला आहे, वर्षाला एक लाखाच्या आत. महिन्याचे झाले आठ हजार तीनशे आणि काहीतरी. मुंबईत एवढ्यात खोलीचं भाडं भरून घर चालवणारा माणूस मला अजून भेटायचाय, पण मर्यादा ती आहे आणि तहसीलदाराचा दाखला त्याच आकड्यात बसवावा लागतो.

सगळ्या मुलांना शिक्षण मिळावं ही मागणी काही नवी नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली, गोखल्यांनी १९११ साली विधेयक आणलं ते पुढच्या वर्षी पडलं. मुंबईत सक्तीचं शिक्षण १९२५ पासून एफ आणि जी वॉर्डात, म्हणजे परळ-दादर-वरळीच्या पट्ट्यात सुरू झालं, जिथे गिरणीवाले राहायचे. मूलभूत हक्क व्हायला २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती यावी लागली.

शाळांनी कायद्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं, १२ एप्रिल २०१२ ला कोर्टाने कायदा टिकवला पण विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा त्यातून वगळल्या, २०१४ ला तर अल्पसंख्याक शाळा सगळ्याच बाहेर. मुंबईत याचा फटका मोठा, कारण इथल्या नावाजलेल्या कॉन्व्हेंट बहुतेक त्यातच मोडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायाधीशांनी २०१४ च्या निकालाबद्दल शंका घेऊन प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे पाठवायला सांगितलं.

महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा झगडा २०२४ चा. ९ फेब्रुवारीला राज्य सरकारने नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. आता मुंबईत एक किलोमीटरच्या आत पालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही अशी जागा शोधून दाखवावी! म्हणजे कलम कागदावर ठेवून व्यवहारात संपवलं. पालक आणि संघटना हायकोर्टात गेल्या, ६ मेला स्थगिती मिळाली, १९ जुलैला मुख्य न्यायमूर्ती देवेंद्र कुमार उपाध्याय आणि न्या. अमित बोरकर यांच्या खंडपीठाने तो बदल रद्द केला, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही हात घालायला नकार दिला. मधल्या काळात मात्र मुलं घरी, जून उलटला, पावसाळा अर्धा गेला, आणि टेबलावर एकच प्रश्न, "दादा, लिस्ट कधी?"

शाळांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. सरकार मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरवतं आणि तेही वेळेवर देत नाही, थकबाकीची ओरड दरवर्षी असते. पण त्याचा राग मुलावर निघतो, युनिफॉर्म इथूनच घ्या, सहलीचे इतके, अ‍ॅक्टिव्हिटीचे तितके. फीमाफ असलेल्या मुलाच्या घरच्यांना हे खर्च फीइतकेच जड.

चळवळीतच एक जुना वाद आहे. काहींना हे पंचवीस टक्के मुळातच पटत नाहीत, त्यांचं म्हणणं, सरकारचा पैसा खासगीला कशाला, आठ माध्यमांत शाळा चालवणाऱ्या पालिकेला द्या, तिथले वर्ग बंद पडतायत ते थांबवा, आणि कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचवलेली सगळ्यांसाठी समान शाळा आणा. मला हे तत्त्वाने पटतं. पण समोर बसलेल्या बाईचं पोर यंदा सहा वर्षांचं झालंय, तिला तत्त्व सांगून काय करू, म्हणून बरेच जण दोन्ही कामं करतात, सकाळी पालिका शाळा वाचवायचं निवेदन आणि संध्याकाळी फॉर्म.

आणि हे सगळं आठवीपर्यंतच. कायदा चौदा वर्षांपर्यंतचा, नववीला त्याच शाळेत, त्याच बाकावर बसायचं तर पूर्ण फी. नर्सरीत लागलेल्या मुलाचे आईवडील नववीचं फी कार्ड घेऊन पुन्हा त्याच टेबलाशी येतात आणि विचारतात, याचा फॉर्म कुठे भरायचा.