सार्वजनिक आरोग्यसेवेतील प्राधान्यक्रम व संसाधनवाटप (सोलापूर जिल्हा)

उपलब्ध पैसा, मनुष्यबळ, औषधे, खाटा आणि यंत्रे सगळ्या गरजांना पुरत नसताना कोणती गरज आधी भागवायची, कोणती थांबवायची आणि कोणत्या रुग्णाला दुसरीकडे पाठवायचे हे ठरवण्याची प्रक्रिया. हे कोणी ठरवले नाही तरी वाटप होतच असते. मग ते रांगेत आधी पोहोचलेल्याच्या, शहराजवळ राहणाऱ्याच्या किंवा ओळखीची चिठ्ठी आणणाऱ्याच्या बाजूने झुकते. म्हणून क्रम लेखी, कारणांसह आणि लोकांना पाहता येईल असा ठरवणे महत्त्वाचे मानले जाते.

रचना : २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ असून जिल्ह्यात ११ तालुके आहेत. उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, शहरातील नागरी आरोग्य केंद्रे महानगरपालिकेकडे, तर ‘सिव्हिल’ या नावाने ओळखले जाणारे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. चारही ठिकाणी निधी वेगळ्या वाटेने येतो आणि एकीकडची शिल्लक दुसरीकडच्या टंचाईला सहज वापरता येत नाही. एका केंद्रात मुदत संपत आलेला साठा आणि शेजारच्या गावात त्याच औषधाचा तुटवडा, हे अनेकदा यामुळेच घडते.

सपाट भागात ५,००० लोकसंख्येला उपकेंद्र, ३०,००० ला प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० ला ग्रामीण रुग्णालय असे निकष आहेत. पण निकष गावात नोंदलेल्या माणसांवर चालतात. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात येणारी ऊसतोड कुटुंबे त्या आकड्यांत नसतात. त्यांतील गरोदर स्त्रिया व लसीकरणाच्या वयाची बालके जवळच्या उपकेंद्रावर येतात आणि कोटा मात्र तेवढाच राहतो. सिव्हिलमध्ये धाराशिव जिल्ह्यातून आणि सीमेपलीकडील विजयपुरा, कलबुर्गी भागांतूनही रुग्ण येतात. त्यामुळे खाटांची गरज जिल्ह्याच्या लोकसंख्येवर न काढता प्रत्यक्ष दाखल रुग्णांच्या पत्त्यांवरून काढणे जास्त खरे ठरते.

औषधांची मागणी : प्रथेप्रमाणे मागणी मागील वर्षाच्या खपावर काढली जाते. यात एक खोल दोष आहे. औषध चार महिने संपलेले असेल तर त्या काळातला खप शून्य दिसतो आणि पुढील वर्षी मागणीही कमी जाते. टंचाई स्वतःलाच पोसत राहते. उपाय सोपा आहे : वर्षाचा खप साठा असलेल्या महिन्यांनी भागून मासिक गरज काढावी आणि तिला १२ ने गुणावे. आठ महिन्यांत ८०० कुप्या लागल्या असतील तर वर्षाची गरज १,२०० आहे, ८०० नव्हे.

निधी कमी पडला तर काटछाट कुठे करायची यासाठी दोन चाळण्या एकत्र लावतात. पहिली खर्चाची : साधारण १० टक्के औषधांवर सुमारे ७० टक्के पैसा जातो, तो ‘अ’ गट, पुढे ‘ब’ आणि ‘क’. दुसरी निकडीची : जीवरक्षक, आवश्यक आणि इष्ट. महाग पण केवळ इष्ट अशी औषधे आधी कमी करावीत. सर्वांत जपायची ती स्वस्त आणि जीवरक्षक औषधे. अ‍ॅड्रेनालिन (तीव्र वावड्यात), ऑक्सिटोसिन (प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात), मॅग्नेशियम सल्फेट (गरोदरपणातील झटक्यांत), शेतीतील कीटकनाशकांच्या विषबाधेत मोठ्या प्रमाणात लागणारे अ‍ॅट्रोपिन ही सगळी याच गटात येतात. किंमत कमी असल्याने हिशेबात त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि नेमकी तीच संपतात.

समान वाटप की उपयोगी वाटप : सर्पदंशावरील प्रतिविष (बोलीत ‘लस’) याचे चांगले उदाहरण आहे. विषबाधेची लक्षणे असलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच साधारण १० कुप्या लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने सोडलेले विष वयानुसार कमी होत नाही. ३० कुप्या दहा केंद्रांना तीन-तीन वाटल्या तर कागदावर न्याय दिसतो, पण एकाही केंद्रात एक रुग्ण वाचवण्याइतका साठा नसतो. त्याच कुप्या रात्रीही डॉक्टर हजर असणाऱ्या, श्वासमार्ग सांभाळू शकणाऱ्या तीन केंद्रांत ठेवून बाकीच्यांना तिथवरची रुग्णवाहिका निश्चित करून देणे योग्य. जिथे एक पूर्ण मात्रा ठेवता येत नाही तिथे अर्धी ठेवू नये.

कुत्रा चावल्यावरच्या लसीत पद्धत बदलून साठा वाढवता येतो. त्वचेत देण्याच्या पद्धतीत ०.१ मिली दोन ठिकाणी, ०, ३, ७ व २८ व्या दिवशी देतात. पूर्ण उपचाराला ०.८ मिली पुरते. स्नायूत दिल्यास एका माणसाला पाच कुप्या जातात. मात्र उघडलेली कुपी थंड ठेवून ६ ते ८ तासांत संपवावी लागते, म्हणून रोज दंशाचे अनेक रुग्ण येणाऱ्या रुग्णालयातच ही बचत पूर्ण मिळते. लहान केंद्रात एकच रुग्ण आला तर उरलेली लस वाया गेली तरी चालेल, पण ‘उद्या चार जण जमल्यावर या’ असे त्याला कधीही सांगू नये. जखमेत थेट देण्याची तयार प्रतिपिंडे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, अपुरे असल्यास डोके, मान, हात यांवरील, अनेक किंवा खोल जखमा असलेल्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना आधी द्यावे.

डायलिसिस : एक सत्र सुमारे ४ तासांचे. दिवसाला तीन पाळ्या आणि आठवड्याला सहा दिवस धरले तर एका यंत्रावर १८ सत्रे होतात. आठवड्याला तीन सत्रे दिल्यास सहा रुग्ण, दोन दिल्यास नऊ. अधिक लोकांना सामावण्यासाठी दोनवर येण्याचा मोह होतो, पण काहींना दोन सत्रे पुरत नाहीत आणि ते फुप्फुसात पाणी साठून तातडीने परततात. हिपॅटायटिस ‘ब’ असलेल्यांसाठी वेगळे यंत्र लागते, त्यामुळे पाच यंत्रे म्हणजे सर्वसाधारण रुग्णांसाठी चारच. तातडीच्या रुग्णासाठी रोज एक जागा मोकळी ठेवावी. अक्कलकोटहून शहर सुमारे ४० किलोमीटर, करमाळ्याहून शंभराहून जास्त. यंत्र मोफत असूनही प्रवास आणि बुडालेली मजुरी लांबच्या रुग्णाला यादीतून बाहेर काढते. नवीन यंत्र कुठे द्यायचे हे ठरवताना हा खर्च धरलाच पाहिजे.

आषाढी वारी : दरवर्षी डॉक्टर, परिचारिका व रुग्णवाहिका पालखी मार्गावर आणि पंढरपुरात प्रतिनियुक्तीवर जातात. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी या मुक्कामांवर हे बळ लागतेच. दुर्लक्ष होते ते मागे उरलेल्या केंद्रांकडे : प्रसूती कुठे होणार, कोणती रुग्णवाहिका कोणत्या दोन केंद्रांना मिळून आहे, हे वारीआधी लेखी ठरवून गावांना कळवावे. आणि वारीत सर्वाधिक लोक वाचवणारे काम स्वस्त आहे : पाण्यात क्लोरीन. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर १,००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम लागते; अर्ध्या तासाने ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी, म्हणजे रंगावरून क्लोरीन मोजण्याची चाचणी, घेऊन मुक्त क्लोरीन ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत आणावे. उघड्या पोत्यातील पावडर निकामी होत जाते, म्हणून वजनावर नव्हे तर चाचणीवर विश्वास ठेवावा.

कायदा व निर्णयपद्धती : पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने तातडीचे उपचार नाकारायला निधीची टंचाई हे कारण चालणार नाही, असे स्पष्ट केले. त्यामुळे प्राधान्यक्रमाची खरी कक्षा नियोजित उपचारांची आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होते. पुढे तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. तिची ठरावीक उपचारांची यादी हा उघड प्राधान्यक्रमाचाच नमुना आहे. तत्त्वज्ञ नॉर्मन डॅनियल्स व मनोविकारतज्ज्ञ जेम्स सॅबिन यांच्या मांडणीनुसार निर्णय जाहीर हवा, कारणे संबंधितांना पटण्याजोगी हवीत, फेरविचाराची सोय हवी आणि या तिन्हींची अंमलबजावणी व्हायला हवी.

रुग्णालयांत दाखल झालेल्यांची नोंद असते, परत पाठवलेल्यांची क्वचितच. बाह्यरुग्ण विभागात वेगळी वही ठेवून तारीख, गाव, काय लागत होते, का देता आले नाही आणि कुठे पाठवले हे पाच रकाने भरावेत. पुढील वर्षाचा आराखडा करताना ही वही जिल्हा आरोग्य अधिकारी व जिल्हा शल्यचिकित्सक यांच्या बैठकीत आणि रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवावी.