नोंदी पाठवताना बेरीज करू नका: प्रजाती-विविधतेची पाहणी करणाऱ्या ग्राहकांसाठी

पाहणीच्या नोंदींवरून विविधता मोजण्याचे काम आम्हाला देताना बहुतेक जण आधी हेच विचारतात: शॅनन निर्देशांक काढणार की सिम्पसन? (प्रजाती किती आणि त्यांची संख्या किती समान, हे एका आकड्यात सांगणारी ही दोन मापे.) आम्ही दोन्ही काढतो. शिवाय परिसंस्थाशास्त्रज्ञ मार्क हिल यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या रीतीने त्यांची ‘प्रभावी प्रजातीसंख्या’, म्हणजे सारख्याच प्रमाणातल्या किती प्रजातींइतकी ही विविधता आहे तो आकडा, करून देतो, कारण नुसत्या निर्देशांकावरून अंदाज येत नाही. समजा, दोन जागी शंभर-शंभर झाडे मोजली आणि दोन्हीकडे १० प्रजाती निघाल्या. पहिल्या जागी प्रत्येकीची १० झाडे, दुसरीकडे एकीचीच ९१ आणि बाकी नऊ प्रजातींचे एकेक झाड. नैसर्गिक लॉगने शॅनन येतो २.३० आणि ०.५०. प्रभावी संख्या येते १० आणि १.६५. दुसरी जागा जवळपास एकाच प्रजातीने व्यापली आहे, हे आता कोणालाही दिसेल.

आमचा सर्वांत जास्त वेळ मात्र दुसऱ्याच गोष्टीत जातो. सगळ्या क्वाड्रॅटची (मोजणीसाठी आखलेल्या ठरावीक मापाच्या चौकटींची) बेरीज करून एकच यादी पाठवली जाते. ती दिसायला नीटनेटकी असते, पण एकदा बेरीज झाली की क्वाड्रॅट पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. मग कोणती प्रजाती सर्वत्र आहे आणि कोणती एकाच कोपऱ्यात, ते कळत नाही. क्वाड्रॅटमधला फरक, म्हणजे बीटा विविधता, निघत नाही. एका जागी २० क्वाड्रॅट आणि दुसऱ्या जागी ८ टाकले असतील, तर जास्त पाहणीत जास्त प्रजाती सापडणारच. रेअरफॅक्शनने, म्हणजे कमी पाहणीइतक्याच नोंदींत किती प्रजाती सापडल्या असत्या ते काढून, दोन्ही जागा समान पातळीवर आणाव्या लागतात. ते एकूण झाडांवरूनही करता येते, पण झाडे घोळक्याने वाढत असतील तर तसा आकडा फुगतो. क्वाड्रॅटनिहाय नोंदी असल्या तर तो धोका राहत नाही. म्हणूनच आम्ही मूळ तक्ता मागतो. त्यात तुमच्या कामावर अविश्वास नाही.

एकदाच दिसलेल्या प्रजातीही गाळू नका. न सापडलेल्या प्रजाती किती असाव्यात, हा संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ यांचा अंदाज एकदा आणि दोनदा दिसलेल्यांवरच उभा आहे. नाव ओळखता आले नाही तर ‘गवत १’ चालेल, फक्त त्याच गवताला सगळीकडे तेच नाव लिहा.

पाहणीला निघण्याआधी कळवलेत तर कोरा तक्ता आम्ही विनामूल्य पाठवतो आणि क्वाड्रॅट किती, केवढे घ्यावेत हेही सांगतो. रिकामा निघालेला क्वाड्रॅटही त्यात शून्य लिहून भरावा.