आडनावाशी जुळणारे नाव: लेकींच्या बाबतीत हा प्रश्न आला कुठून?

'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बायका बाळाला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हाती देतात आणि मग आत्या त्याच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते. आत्या फक्त नाव सांगते. आडनाव कुणी कानात सांगत नाही. बारशाच्या आधीचे दिवस मात्र हल्ली कित्येक घरांत आडनावाच्याच चर्चेत जातात. टकले असेल तर सुकेशिनी नको, आंधळे असेल तर सुलोचना नको, आगलावे असेल तर ज्योती नको. काळे हे तर किती साधे आडनाव, पण संध्या जोडले की 'संध्याकाळे' ऐकू येते, वर्षा जोडले की 'वर्षाकाळे', आणि गौरी जोडले की कुणीतरी हसतेच.

या चिंतेला पोरकट म्हणू नये. वर्गात उठणारे हसू दहा-बारा वर्षे सोसावे लागते. मुलीला नाव ठेवताना जगाला नावे ठेवायला जागा राहू नये, एवढीच आईवडिलांची इच्छा असते. पण मुलींच्या बाबतीत ही चिंता फार जुनी नाही. दोन-तीन पिढ्या मागे गेले की ती विरळ होते, आणि त्याहून मागे गेले की जवळजवळ दिसेनाशी होते.

मुळात आडनावच पक्के नव्हते. तुकोबांचे कूळ मोरे आणि आडनाव आंबिले. नाना फडणवीस ज्या नावाने इतिहासात राहिले ते त्यांच्या कामाचे नाव, आडनाव भानू. गाव बदलले की 'कर' बदलायचा, वतन मिळाले की देशमुख, कुलकर्णी, पाटील लागायचे. अवघड वाटणारी आडनावे बहुधा टोपणनावांतून आली असावीत. पूर्वजाच्या अंगातले व्यंग, सवय, खाणे, एखादा प्रसंग लोकांच्या तोंडी बसला आणि तेच घराण्याला चिकटले. लंगडे, बोबडे, झोपे, गाढवे, ढेकणे, सहस्रभोजने. घराघरांत यांच्या कहाण्या सांगतात. त्यातली खरी किती याचा पुरावा क्वचितच मिळतो. गावात ती बोचत नसणार, कारण हाक मारताना आडनाव कोण घेतो?

ती कागदावर गोठली इंग्रजी अमदानीत. शाळेचा दाखला, कोर्टाचे कागद, नोकरीचे मस्टर, सगळीकडे एक ठरलेले आडनाव लागू लागले. १९०० साली साताऱ्याच्या शाळेत भीमरावांचे नाव घातले तेव्हा सकपाळ हे घराण्याचे आडनाव न लागता आंबडवे या गावावरून आलेले आडनाव लागले आणि पुढे आंबेडकर हेच जगाने ओळखले. शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ पिढ्यांचे आडनाव ठरवते ती अशी.

लेकींची गोष्ट मात्र वेगळी होती. मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की तिचे लग्न व्हायचे आणि सासरी तांदळात नवे नाव लिहिले जायचे. बारशाचे नाव माहेरापुरते उरायचे. ते वडिलांच्या आडनावाशी कसे जुळते याचा विचार कोण करणार? जुळवाजुळव व्हायची ती नवऱ्याच्या नावाशी. मनकर्णिका गोखले नारायण वामन टिळकांच्या घरी आली आणि लक्ष्मी झाली, नारायणाची लक्ष्मी. लोकमान्यांचे पाळण्यातले नाव केशव, आणि १८७१ मध्ये त्यांच्याशी लग्न झालेली तापी सत्यभामा झाली. कल्याणची यमुना गोपाळराव जोशांशी लग्न करून आनंदी झाली. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने पदवी दिली ती आनंदीबाई जोशी या नावाला. त्यातले आनंदी हे नाव तिला जन्माने मिळालेले नव्हते. मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

मुलीचे नाव आणि तिच्या वडिलांचे आडनाव एका ओळीत लिहिण्याची गरज पडली ती मुलींच्या शाळा निघाल्यावर. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, १८८४ मध्ये हुजूरपागा सुरू झाली. लग्नाचे वय वाढत गेले, मॅट्रिक आणि बी. ए.ची प्रमाणपत्रे आली. ज्या नावावर पदवी मिळाली तेच पुढे चालवणाऱ्या स्त्रिया वाढल्या. लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही, हेही आता पुष्कळ घरांना ठाऊक आहे. लेकीने आडनाव जन्मभर वागवायचे ठरल्यावर ते तिला शोभते का हा प्रश्न येणारच. 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' हा आशीर्वाद आता कुणी फारसा देत नाही, पण पाचपुते, सातपुते, अष्टपुत्रे ही आडनावे लेकी अभिमानाने लावतात.

तरीही बराच काळ मराठी नावाच्या तीन पायऱ्यांनी बचाव केला. मध्ये वडिलांचे नाव असायचे. शिवाय हजेरीत आणि बोर्डाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी येते: काळे संध्या अमुक. तिथे 'संध्याकाळे' होतच नाही. नाव आणि आडनाव एकमेकांना भिडले ते मधले नाव गळू लागल्यावर: ऑफिसातल्या ईमेलवर, फेसबुकवर, परदेशातल्या फॉर्मवर. त्यातच नावे आखूड झाली. गोदावरी, मंदाकिनी, कुमुदिनी अशा लांब नावांना स्वतःचा डौल असतो, मागे काहीही लागले तरी ती ऐकू येतात. इरा, मीरा, स्वरा यांच्यापुढे आपटे, आगाशे, आगलावे आले की दोन 'आ' एकमेकांत मिसळतात आणि नाव कुठे संपले ते कळत नाही. अशा घरांत तारिणी, शाल्मली, अश्विनी अशी 'ई'वर संपणारी नावे मोकळी वाटतात.

परदेशी गेलेल्या मराठी घरांत अडचण लिपीची. रोमन अक्षरांत लिहिलेले काळे तिकडे 'केल' वाचतात, ती तिथली पालेभाजी. मोरेचे 'मोअर' होते, म्हणजे अधिक. दातेचे 'डेट', सानेचे 'सेन', गोरेचे 'गोअर', म्हणजे सांडलेले रक्त. मराठीत ज्या आडनावांकडे कुणी वळून पाहणार नाही तीच तिथे अवघड ठरतात. लिहिल्याबरोबर नीट उच्चारता येईल असे पहिले नाव तिथले आईवडील शोधतात, ते यामुळे.

त्यात पत्रिकेची अट असते. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, अशी एकशे आठ अक्षरे. अश्विनीला चू, चे, चो, ला. त्यावरून येणारे नावरस नाव आडनावाशी जुळेलच असे नाही, म्हणून ते पत्रिकेत ठेवून व्यवहाराचे नाव वेगळे ठेवण्याची पळवाट जुन्या लोकांनीच काढून ठेवली आहे.

आडनाव निदान सगळ्या घराचे असते. पहिले नावच ओझे झालेल्या मुलीही महाराष्ट्रात आहेत. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिला नकुसा, नकोशी म्हणायचे. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावे समारंभाने बदलण्यात आली. नाव सुंदर असावे यासाठी महिनाभर वह्या भरणारे आईवडील पाहिले की मला त्या मुली आठवतात आणि हा खटाटोप अजिबात जास्त वाटत नाही.

कागदाचे वजनही वाढले आहे. १८८६ च्या कायद्याने जन्माची ऐच्छिक नोंद करता येऊ लागली, १९६९ च्या कायद्याने ती देशभर सक्तीची झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत जन्मदाखलाच लागेल. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम आहे. म्हणजे संध्या आणि काळे यांच्यामध्ये आता दोन नावे आली.

नाव सुचत नसेल तर जन्माची नोंद नावाशिवायही होते. नंतर बारा महिन्यांपर्यंत शुल्क न भरता आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येते. आत्याने कानात सांगितलेले नाव दाखल्यावर जाण्याआधी घरातल्यांनी ते आडनावासकट, आधी आणि मागे दोन्हीकडे लावून, मोठ्याने हाक मारून बघायला तेवढे दिवस मिळतात.